नळ आला, पाण्याचा कागद कुठे आहे?



२०२४ चा डिसेंबर संपत आला तेव्हा शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसे डोक्यावरून हात फिरवीत आणि केस मुठीत येत. आधी खाज, मग केस सैल, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, तरुण, बाया, लेकरे, कोणीच सुटले नाही. जानेवारीत हा आकडा पंधराहून अधिक गावे आणि अडीचशेहून अधिक माणसे इथवर गेला. एरवी ज्या गावांकडे पाच वर्षांतून एकदा गाड्या वळतात, तिथे रोज ताफे येऊ लागले. आरोग्य खाते आले, दिल्लीची पथके आली, टीव्हीवाले आले.

पहिला संशय गेला तो पाण्यावर. नमुने प्रयोगशाळेत गेले आणि पाण्यात नायट्रेट व क्षार मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे निघाले. पुढे विंचूदंशावरच्या कामामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस तपासून घेतले. त्यात सेलेनियम वाढलेले दिसले आणि त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. झाले, पाणी सुटले.

केसांचे कोडे गव्हात सुटत असेल तर बरेच आहे. माझा सवाल दुसरा आहे. पाण्यात जे निघाले होते त्याचे पुढे काय झाले? नायट्रेटने केस गळत नाहीत हे ठरले म्हणून नायट्रेट पाण्यातून उठून गेले काय? ज्या दिवशी केसांच्या गुन्ह्यातून पाण्याची सुटका झाली, त्याच दिवशी साऱ्यांचे पाण्यावरचे ध्यान उडाले. आणि केस गळालेच नसते तर? तर त्या पाण्यात काय आहे हे त्या गावातल्या एकाही चुलीपर्यंत पोहोचले नसते. आपल्या गावच्या पाण्यात काय आहे हे कळायला आधी आपले केस गळायला हवेत, अशी ही व्यवस्था आहे.

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून झाली. तेव्हा देशात ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. २०२५ मध्ये हा आकडा १५ कोटींच्या वर गेला. यात मला टोमणा मारायचा नाही. ज्या बाईच्या डोक्यावरचा गुंड उतरला तिच्या मानेला विचारा, नळाची किंमत काय ती सांगेल. मुदत २०२४ ची होती, ती २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत लांबवली. आपल्याकडे कंत्राटदारांची बिले थकली, टाक्या अर्धवट उभ्या राहिल्या. ते रडगाणे आज बाजूला ठेवतो. नळ जिथे आला आहे तिथलेच बोलू. योजनेच्या कागदात तीन गोष्टींचे वचन आहे: पाणी माणशी रोज ५५ लिटर मिळेल, नियमित मिळेल, आणि ठरलेल्या दर्जाचे मिळेल. पहिल्या दोन गोष्टींसाठी आपण भांडतो. पाणी चार दिवसांनी आले तर ग्रामपंचायतीला कुलूप लावायला निघतो. तिसऱ्या गोष्टीसाठी कुलूप लावल्याचे मी अजून पाहिले नाही. मागे एका ओट्यावर मी हा विषय काढला तर तिथली आजीबाई म्हणाली, "नळाले पाणी येते ना भाऊ, मंग अजून का पायजे?"

काय पाहिजे ते सांगतो. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ चा भूजल गुणवत्ता अहवाल काढला. देशभरातल्या १५ हजारांहून अधिक नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात हेच प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या वर आहे. आणि नायट्रेटने सर्वाधिक ग्रासलेले म्हणून जे १५ जिल्हे त्या अहवालात आहेत, त्यातले सात एकट्या महाराष्ट्राचे: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. ही यादी पुन्हा वाचा. साखरेच्या पट्ट्यातला एकही जिल्हा नाही. सगळे आपले, कोरडवाहू कापसाचे आणि ज्वारीचे. जिथे पाणी कमी तिथेच ते बिघडलेले.

मर्यादा आहे लिटरला ४५ मिलिग्रॅम. भारतीय मानकात काही घटकांना, दुसरे पाणीच नसेल तर, थोडी सवलत दिलेली असते. क्षारांना आहे, फ्लोराईडला आहे. नायट्रेटला सवलत नाही. कारण सहा महिन्यांच्या आतले लेकरू. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद मारते. ओठ, नखे निळसर पडतात. अंगावर पिणाऱ्या लेकराला हा धोका फार कमी; वरच्या दुधात पाणी घालून पाजतात त्या लेकराला जास्त. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर कसे तडफडते हे आपल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक आहे, म्हणून तसल्या वावरात आपण ढोर शिरू देत नाही. लेकराच्या बाबतीत मात्र आपण डोळे झाकून वाटी भरतो. बरे, नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी आरशासारखे दिसते. तुरटीने ते जात नाही, ब्लिचिंगने जात नाही. आणि काळजी करणारी माय पाणी उकळते तेव्हा तर वाफ उडून जाते, नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे ते अधिक घट्ट होते. उकळणे जंतूंसाठी आहे, ते जरूर करा. पण नायट्रेटचा त्यावर इलाज नाही.

हे येते कुठून? इथे मला सरकारकडचे बोट स्वतःकडे वळवावे लागते, कारण मी शेतकीचा पदवीधर आहे आणि उमेदीची काही वर्षे गावोगाव युरियाच्या मात्रा सांगत हिंडलो आहे. युरियाची गोणी ४५ किलोची. त्यात शेकडा ४६ नत्र, म्हणजे पावणेएकवीस किलो. समजा यातला दहावा हिस्सा, दोन किलो, पिकाच्या हाती न लागता पावसाबरोबर खाली गेला. दोन किलो नत्राचे नऊ किलो नायट्रेट होते. नऊ किलो नायट्रेट दोन लाख लिटर स्वच्छ पाण्याला ४५ च्या काठावर आणून ठेवते. पाच माणसांच्या घराला सरकारी हिशेबाने दिवसाला २७५ लिटर. म्हणजे एका गोणीचा दहावा हिस्सा वाया गेला तर एका घराचे दोन वर्षांचे पाणी काठावर गेले. आता आपल्या गावात मृगापासून पोळ्यापर्यंत किती गोण्या उतरतात ते मोजा. आपली जमीन वरून काळी, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा खडक. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाआधी फेकलेला युरिया त्या भेगांतून थेट मुरमात उतरतो आणि मुरमातून विहिरीत. ही विहीर वावरातली असो की गावच्या नळयोजनेची, त्याला काय कळते?

पण सारा दोष युरियावर टाकून मोकळे होऊ नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या गावच्या घरच्या विहिरीचे पाणी मी तपासून आणले. नायट्रेट मर्यादेच्या दुपटीच्या वर. त्या विहिरीच्या शेजारी शेत नाही, मग युरिया कुठला? शोधले तर विहिरीपासून पंधरा-वीस फुटांवर उकिरडा, आणि पलीकडे संडासाचा शोषखड्डा. उकिरड्याची जागा मीच ठरवली होती. शेणखत वावरात न्यायला बैलगाडी लागते तिथे सोयीचे पडेल म्हणून. कंपोस्टवर शेकडो भाषणे देणाऱ्या माणसाने आपल्या मायच्या पिण्याच्या पाण्यात दहा वर्षे उकिरड्याचा पाझर सोडला. हागणदारीमुक्तीच्या घाईत गावोगाव जे खड्डे झाले, त्यातले किती विहिरीच्या आणि हापशीच्या उशाशी झाले हे कोणी मोजले आहे? खड्डा, गोठा, उकिरडा पाण्यापासून निदान पन्नास फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला. याला अनुदान लागत नाही, आमदार लागत नाही.

तरीही युरियाच्या मुद्द्यावर एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण शहरातले विद्वान इथे आले की "शेतकरी अडाणी, बेसुमार युरिया टाकतो" म्हणून मोकळे होतात. शेतकरी अडाणी नाही, तो हिशेबी आहे. २०१० साली स्फुरद आणि पालाशच्या खतांच्या किमती अनुदानाच्या नव्या पद्धतीत मोकळ्या सोडल्या गेल्या आणि युरिया तेवढा सरकारी किमतीला बांधून ठेवला. २०२५ मध्येही युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १३५० ला. ज्याच्या हातात पेरणीच्या दिवशी हजार रुपये आहेत तो काय विकत घेईल? सरकारने एका खताला स्वस्त केले, बाकीच्यांना महाग केले, आणि जमिनीचा व पाण्याचा तोल गेल्यावर दोष शेतकऱ्याचा.

ज्वारीचेही तेच. कापूस, तूर, ज्वारी असा फेर आपल्या वाडवडिलांनी धरला तो काही पंचांग पाहून नव्हे. ज्वारीची मुळे खोल जातात आणि वरच्या पिकाने सोडलेले नत्र उचलतात. शिवाय ज्वारीच्या मुळांतून सोरगोलिओन नावाचे एक द्रव्य पाझरते आणि ते जमिनीत नायट्रेट तयार करणाऱ्या जिवाणूंना आवर घालते, हे अलीकडच्या काही दशकांतल्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे ज्वारी उभी असते तेव्हा खालच्या पाण्याची राखणही होते. मग वऱ्हाडातून ज्वारी गेली कुठे? ती परवडली नाही म्हणून गेली. खायला ज्वारी उत्तम, पाण्याला उत्तम, ढोरांच्या कडब्याला उत्तम, आणि बाजारात मातीमोल. ज्वारीला भाव न देणाऱ्यांनी आपल्या पाण्याचीही किंमत ठरवून टाकली आहे, त्यांना स्वतःला ते कळले असो वा नसो.

आता नळाकडे येऊ. समजा स्रोत चांगला आहे, धरणाचे पाणी आहे, शुद्धीकरण केंद्र आहे. आपल्याकडे खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या काठाला जमिनीतले पाणी खारट, म्हणून वान धरणावरून ८४ खेड्यांसारख्या योजना झाल्या. त्या केंद्रातून निघालेले पाणी आणि तुमच्या माठात पडलेले पाणी एकच असते असे समजू नका. मधे मैलोगणती पाइप आहे आणि तो दिवसाचे बहुतेक तास रिकामा आहे. पाण्याचा दाब असतो तोवर फुटक्या जोडातून पाणी बाहेर जाते. दाब गेला की तोच जोड बाहेरचे आत ओढतो. आणि बाहेर काय आहे? नाली. व्हॉल्वचा खड्डा गाळाने भरलेला, त्यात बेडूक. पाणी घरापर्यंत चढत नाही म्हणून आपण नळ अंगणात खड्डा करून जमिनीखाली घेतो. त्या खड्ड्यात भांडी घासल्याचे पाणी साचते, त्यातच नळाचे तोंड बुडालेले. तोटी बसवायची नाही, कारण पाणी येते त्या वेळी ते धो धो यायला पाहिजे. आणि ज्याला परवडते तो टिल्लू पंप थेट नळाला जोडतो. टिल्लू पंप काय करतो? पाइपातून ओढतो. शेजाऱ्याचे पाणी ओढतो हे आपल्याला माहीत आहे, त्यावरून डोकी फुटतात. नालीचेही ओढतो, हे कोणी बोलत नाही. पावसाळ्यात एका आळीत जुलाब सुरू झाले की सारे टाकीकडे पाहतात. आधी त्या आळीतले टिल्लू पंप मोजावे.

जंतूंसाठी क्लोरीन आहे, आणि ते स्वस्त आहे. टीसीएल म्हणजे आपली ब्लिचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम, तीही ताजी. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेली पावडर ही चुन्याची भुकटी, त्यातले क्लोरीन केव्हाच उडालेले. मी ग्रामपंचायतींच्या कोठीत पाच-पाच वर्षांची पोती पाहिली आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ओटी तपासणीत कळते. पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो रंग टाकीखालच्या पहिल्या घरी नव्हे, पाइपाच्या शेवटच्या घरी यायला पाहिजे, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी. शेवटचे घर बहुधा कोणाचे असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जलसुरक्षक ओटी कुठे करतो ते विचारा.

फ्लोराईडचे थोडक्यात. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, आणि खोल दगडात मुरलेल्या पाण्याबरोबर काही भागांत फ्लोराईड वर आले. आपल्याकडे यवतमाळच्या पांढरकवडा, झरी भागात आणि चंद्रपूरकडे हे जुने दुखणे आहे. लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालते, दीडच्या पुढे मुळीच नाही. आधी लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे, मग गुडघे, कंबर, मान आखडते. वाकलेले हाड सरळ होत नाही. तुरटी आणि चुन्याने फ्लोराईड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनेच शोधली, तिचा वापर मात्र आपल्या गावांत शोधून सापडत नाही. त्याऐवजी आला आरओचा थंड कॅन. कॅनचे दहा रुपये धरले तरी रोजचा एक, वर्षाचे साडेतीन हजारांवर. म्हणजे नळपट्टीही भरा आणि पिण्याचे पाणी विकतही घ्या. नायट्रेट, फ्लोराईड, क्षार हे आरओने निघतात हे खरे. पण त्या यंत्राचा पडदा शेवटचा कधी बदलला, कॅन कशाने धुतात, हे विचारायचे नाही, कारण तो धंदा गावातल्याच कोणाचा तरी असतो. आणि ज्याला दहा रुपये जड आहेत तो तेच नळाचे पाणी पितो.

आता घरात या. नळाच्या पाण्यात विष आहे की नाही याची तपासणी तरी करता येते. घरात ठेवलेले विष आपल्याला माहीत असते आणि तरी ते पाण्याच्या माठाशेजारी असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर मास्क आणि हातमोज्यांचे वाटप झाले. पण फवारणी संपल्यावर काय? पंप धुतला जातो हापशीच्या ओट्यावर किंवा विहिरीच्या थारोळ्याशी. मिसळायची बादली विहिरीत बुडते. औषधाचा रिकामा डबा चांगला मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, टाकून देववत नाही. मग त्यात रॉकेल, मग तेल, मग शौचाला न्यायचे पाणी, आणि एक दिवस लेकराच्या हाती तो वावरात पाणी न्यायला लागतो. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ लेकरे गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. आपल्या कापसावर वर्षानुवर्षे मारले तेच. रिकाम्या डब्याला तीनदा पाणी घालून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, डब्याला खिळ्याने भोके पाडा. भोक पडलेला डबा पुन्हा कोणी वापरत नाही.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांचेही तसेच. ज्वारीच्या कोठीत गोळी टाकायची आणि त्याच खोलीत लेकरांना घेऊन झोपायचे, यात रात्रीतून घरेच्या घरे गेलेली आहेत. गोळीतून निघणारा वायू आधी झोपलेल्यालाच गाठतो. त्या गोळ्या घरात आणूच नका. ज्वारी कडक वाळवा, दाताखाली कट्ट वाजली पाहिजे, आणि हवाबंद कोठीत भरा. कापूस घरात साठवून अंगाला खाज सुटते तिचे मूळ मात्र बाजारात आहे. भाव मिळाला तर कोण बायकापोरांच्या झोपायच्या खोलीत कापूस भरून ठेवील? औषधांसाठी घराबाहेर, गोठ्याच्याही बाहेर, कुलपाची लाकडी पेटी करा, आणि किल्ली एकट्या तरुण पोराच्या हाती देऊ नका. यामागचे कारण मी लिहीत नाही. वऱ्हाडात ते लिहावे लागत नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. पाण्याची तपासणी होत नाही असे नाही. होते. नियमाने स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हायची आहे. प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणीची पेटी वापरायचे शिक्षण द्यायचे, अशी जलजीवनमध्येच तरतूद आहे. जिल्ह्याला प्रयोगशाळा आहे, बहुतेक ठिकाणी उपविभागालाही आहे, आणि थोडकी फी भरून कोणीही नागरिक तिथे पाणी तपासून घेऊ शकतो. ग्रामपंचायतीला पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. पण कार्ड हिरवे याचा अर्थ आजूबाजूची घाण कमी, साथीचा धोका कमी. त्यावरून नायट्रेट किती ते कळत नाही. ते कळते प्रयोगशाळेच्या कागदावर, आणि तो कागद ग्रामसेवकाच्या कपाटात असतो. मी आजवर ज्या ज्या गावी तो मागितला, तिथे तो द्यायला कोणी नाही म्हटले नाही. मात्र बहुतेक ठिकाणी असे कळले की त्याआधी कोणी मागितलाच नव्हता.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचा तो असा: गावच्या प्रत्येक स्रोताच्या शेवटच्या तपासणीचा कागद, तारखेसह, सभेत मोठ्याने वाचावा. "पाणी पिण्यास योग्य" एवढे वाक्य ऐकून घेऊ नका. नायट्रेटचा आकडा, फ्लोराईडचा आकडा, क्षारांचा आकडा, जिवाणू आढळले की नाही. मग ते आकडे पंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहावेत, जिथे आज पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात तिथे. नायट्रेट ४५ च्या वर असेल तर दुसरा स्रोत मिळेपर्यंत गावातल्या गरोदर बाया आणि सहा महिन्यांच्या आतल्या लेकरांच्या घरांना पिण्यापुरते चांगले पाणी पंचायतीने पोहोचवावे. अशी घरे एका गावात किती असतात? बोटांवर मोजण्याइतकी. पैसा नाही म्हणतील. वित्त आयोगाच्या पैशातला हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला असतो, तो कशावर गेला याचाही कागद त्याच सभेत मागा.

कोणी म्हणेल, आपल्या आज्यापंज्यांनी याच विहिरीचे पाणी पिले, त्यांना काय झाले? आज्यापंज्यांच्या काळी युरिया नव्हता, संडासाचे खड्डे नव्हते, आणि त्यांची किती लेकरे पाच वर्षांची होण्याआधी गेली हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने पाण्याच्या दोन बाटल्या आणाव्यात, एक नळाची आणि एक जिथले पाणी गाव जास्त पिते त्या विहिरीची किंवा बोअरची. बाटली एक लिटरची, प्लॅस्टिकची, स्वच्छ, औषधाची किंवा शीतपेयाची नको. ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्याने तीनदा खंगाळा, साबण लावू नका. नळ पाच मिनिटे वाहू द्या, मग बाटली काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख, वेळ लिहून चिकटवा, आणि जवळ उकिरडा, गोठा, खड्डा किती फुटांवर आहे तेही लिहा. नमुना बैठकीच्या आदल्या दिवशीचा किंवा त्याच सकाळचा असावा, उन्हात ठेवू नये. जिवाणूंच्या तपासणीसाठी हा नमुना चालत नाही. त्यासाठीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते, नमुना थंड ठेवून चोवीस तासांच्या आत परत द्यावा लागतो. ज्या गावात गेल्या पावसाळ्यात जुलाबाची साथ आली त्यांनी ती आधी नेऊन ठेवावी. बाटल्या बैठकीतून थेट प्रयोगशाळेत जातील. फी प्रत्येक गावाने वर्गणीतून भरायची आहे, आणि पावती गावाच्या नावाची घ्यायची आहे, म्हणजे येणारा कागदही गावाच्याच नावाचा येईल.